बिशपनं राजकारण करू नये, असं नेमकं कोण म्हणतंय?

2018 च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव यांनी आपल्या भाविकांना दरवर्षीसारखं पत्र लिहिलं. संविधान धोक्यात आहे, माणसांचे हक्क तुडवले जातायत, कॅथलिकांनी राजकारणात सक्रिय व्हावं पण खुशमस्करीचं राजकारण टाळावं, असा त्याचा आशय होता. झालं. टीव्हीवर आणि मोबाइलवर एकच सूर लागला: बिशपनं चर्चमध्ये बसावं, राजकारणात नाक खुपसू नये.

त्याच्या आदल्या वर्षी गोरखनाथ मठाचे महंत उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले होते. पुढच्या वर्षी आपल्या सोलापूरनं एका मठाच्या महास्वामींना लोकसभेत पाठवलं. त्यांच्या निवडून येण्यावर माझा आक्षेप नाही. लोकांनी मतं दिली, ते गेले. पण 'धर्मगुरूनं राजकारण करू नये' हा नियम जर खरंच नियम असेल, तर तो माणूस बघून का बदलतो?

मी भोरचा. आमच्याकडं बिशप हा विषय सहसा निघत नाही. आमच्याकडं निघतात गड. रोहिडा, रायरेश्वर, आणि पलीकडं वेल्ह्यात तोरणा आणि राजगड. आता तर त्या तालुक्याचं नावच राजगड झालंय. तरीही हा लेख मी इथूनच लिहितोय, कारण एका बिशपचं राजकारण समजून घ्यायला आमच्या खोऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

सतराव्या शतकात हा सगळा मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता. 1646 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, तो आदिलशाहीकडूनच. 1659 साली अफजलखान निघाला तेव्हा कारीच्या कान्होजी जेध्यांना आदिलशहाचं फर्मान आलं: खानाला सामील व्हा. कान्होजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडायला तयार झाले. त्याच रोहिडखोऱ्यातले उत्रौलीचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले. एकच खोरं, एकच बादशहा, आणि दोन देशमुखांचे दोन निर्णय. भोरमधल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असतं. कोण कुठल्या बाजूला गेला, का गेला, त्यानं काय पणाला लावलं, हे प्रश्न विचारायची आम्हाला लहानपणापासून सवय असते.

आता याच आदिलशाहीच्या दुसऱ्या टोकाला या. गोव्याला लागून असलेली डिचोली तेव्हा विजापूरकडं होती. तिथं त्याच काळात एक बिशप राहत होता. त्याचं नाव मातेउस द कास्त्रो.

मातेउस मूळचा मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरचा. धर्मांतरित ब्राह्मण घरातला, 1594 च्या सुमाराचा जन्म. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. शिक्षण होतं, इच्छा होती, पण गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपनं त्याला दीक्षा द्यायला नकार दिला. कारण तो इथला होता. देव तुमचा, बाप्तिस्मा तुमचा, पण वेदीमागं उभं राहायचं ते आमच्याच रंगाच्या माणसानं, असा तो हिशेब. मग हा गडी खुश्कीच्या वाटेनं थेट रोमला गेला. तिथं शिकला, तिथंच धर्मगुरू झाला. परत आला तर गोव्यातले लोक त्याच्या कागदांवरच शंका घेऊ लागले. तो पुन्हा रोमला गेला आणि 1637 साली बिशप होऊनच आला. लॅटिन परंपरेच्या कॅथलिक चर्चमधला हा पहिला भारतीय बिशप. रोमनं त्याच्याकडं आदिलशाही मुलूख सोपवला. पोर्तुगीजांची हद्द टाळून तो डिचोलीत राहिला आणि इथल्या तरुणांना दीक्षा देऊ लागला. गोव्यातल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात तिडीक जायला तेवढं पुरेसं होतं.

मातेउसनं धर्मात राजकारण आणलं, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय: ते आधी तिथं नव्हतं का? पोर्तुगालच्या राजाला पोपकडून 'पाद्रोआदो' नावाचा हक्क मिळाला होता. पूर्वेकडच्या मुलखात बिशप कोण, हे लिस्बनचा राजा सुचवणार. व्हाइसरॉयची जागा रिकामी पडली की राज्य चालवणाऱ्या मंडळात गोव्याचा आर्चबिशप बसत असे. 1622 साली रोमनं धर्मप्रसारासाठी स्वतःचं वेगळं खातं काढलं, त्यामागं या राजांची पकड सैल करायचाही हेतू होता. म्हणजे मातेउसला दीक्षा नाकारणं हेसुद्धा राजकारणच होतं. फरक इतकाच की नाकारणाऱ्याच्या राजकारणाला 'व्यवस्था' म्हणत आणि मागणाऱ्याच्या राजकारणाला 'कट'.

आणि मातेउसनं खरोखरच मोठं राजकारण केलं. 1653 मध्ये त्यानं गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिश्चनांना उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या नावाचं पत्रक लिहिलं आणि पोर्तुगीजांविरुद्ध त्यांना चेतवलं. 1654 मध्ये आदिलशाही फौजा पोर्तुगीज हद्दीत शिरल्या, तेव्हा पोर्तुगीजांनी त्याचा ठपका या बिशपवर ठेवला. डचांशी संधान बांधल्याचा आरोपही केला. 1658 मध्ये त्याला रोमला बोलावून घेतलं गेलं आणि पुढं तो तिथंच वारला.

मग तो गद्दार होता का? कोणाशी गद्दार, हे आधी ठरवा. दिवाडी बेट त्याचं होतं, लिस्बनच्या राजाचं नव्हतं. त्यानं आदिलशहाचा आसरा घेतला, हाच आक्षेप असेल तर शहाजीराजेही आदिलशहाच्याच चाकरीत होते. त्या काळी दख्खनेत कोणाच्या ना कोणाच्या छत्राखाली उभं राहिल्याशिवाय कोणालाच पाऊल टाकता येत नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगतो. याच दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, तेव्हा देव नदी ओलांडून डिचोलीकडच्या नार्व्याला गेला. 1668 साली महाराजांनी तिथं त्याचं देऊळ पुन्हा उभारायला लावलं. दिवाडीचा देव आणि दिवाडीचा बिशप, दोघंही एकाच सत्तेपासून पळून नदीपलीकडं आले. देवाची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. बिशपची आपल्याला माहीतही नसते.

पण लगेच त्याच्या गळ्यात हार घालू नका. त्याच्या पत्रकाचं नाव पुन्हा वाचा. आरसा कोणाचा? ब्राह्मणांचा. गोरा माणूस आपल्याला खालचा समजतो याची चीड त्याला होती, पण आपणही कोणाला खालचं समजतो हे त्या आरशात दिसत नव्हतं. त्याच गोव्यात बाप्तिस्मा घेतलेले कुणबी होते, गावडे होते. त्यांच्यासाठी कोणता बिशप रोमपर्यंत चालत गेला? शिवाय आदिलशाही फौज बार्देशात शिरली की आधी कोणाचं शेत तुडवलं जातं, हे आमच्या मावळातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

ही अर्धवट लढाई पुढं महागात पडली. देशी धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारणं चालूच राहिलं. 1787 मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध कट उघडकीला आला, पिंटोंचं बंड म्हणतात ते. त्यात पुढाकार धर्मगुरूंचाच होता आणि डावललं गेल्याचा राग त्यांच्या मनात होता. सरकारनं पंधरा जणांना फाशी दिली. फासावर गेले ते मुख्यतः चर्चबाहेरचे लोक. झगा घातलेल्यांच्या वाट्याला तुरुंग आला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. धर्मगुरूनं राजकारण करावं की नाही, हा वाद बाजूला ठेवा. ते करतातच. जो गप्प बसतो तोही करतो, कारण त्याच्या गप्प बसण्याचा फायदा कोणाला तरी होत असतो. प्रश्न तीन आहेत. तो कोणासाठी बोलतोय? स्वतःच्या घरात तोच न्याय लावतोय का? आणि त्याच्या बोलण्याची किंमत तो स्वतः मोजतोय की दुसऱ्यांना मोजायला लावतोय?

हे प्रश्न महंतांना लावा, महास्वामींना लावा, मौलानांना लावा आणि बिशपनाही लावा. दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा अशी मागणी चर्च सरकारकडं करतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं तो त्यांना मिळत नाही. मागणी मला योग्य वाटते. पण मातेउस 1637 मध्ये बिशप झाला आणि भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 उजाडलं, हाही हिशेब चर्चनंच द्यायचाय. संविधानासाठी बोलणाऱ्या बिशपच्या बाजूनं मी उभा राहीन, पण हे विचारत विचारतच.

भोर-वेल्ह्यातल्या माझ्या वयाच्या पोरापोरींना मुद्दाम सांगतो. आपण जेधे आणि खोपडे यांना जात किंवा झेंडा बघून मोजत नाही, 1659 च्या त्या दिवसांत ते कुठं उभे राहिले यावर मोजतो. पुढच्या वेळी 'पाद्र्यांनी राजकारण करू नये' असा मेसेज फिरत आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: बाकीच्या मठांना, आश्रमांना आणि गादीवरच्यांना हाच मेसेज कधी पाठवला होतास?