सोसायटीचा गाळ बागेत टाकण्यापूर्वी

जून 2021 मध्ये वाघोलीसह 23 गावे पुणे महापालिकेत आली. सांडपाण्याची व्यवस्था मात्र इथल्या मोठ्या सोसायट्यांना बरीचशी स्वतःच पाहावी लागते. आवारातल्या एसटीपीचे पाणी बागेला जाते. तळाशी उरलेल्या काळ्या गाळाचे काय? तो वाळवून झाडांना घालायचा, असे अनेकांना वाटते.

कल्पना वाईट नाही. गाळात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब असतो, आणि बांधकामाच्या मुरमावर उभ्या केलेल्या बागांना त्याचीच उणीव असते. पण मैल्यातले रोगजंतू आणि जंतांची अंडीही याच गाळात साठतात. गोल जंताचे अंडे मातीत महिनोन्महिने, कधी वर्षांनुवर्षे तग धरते. चार दिवसांच्या उन्हाने ते मरत नाही. पहिला धोका उघड्या हातांनी गाळ उपसणाऱ्या माळ्याला, नंतर त्याच मातीत खेळणाऱ्या मुलांना.

परदेशात गाळात चुना मिसळून सामू 12 पर्यंत नेतात. त्याने बरेच जंतू मरतात. आपण ही नक्कल जपून करावी. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना मानवतो. आपल्याकडच्या बेसाल्टच्या मातीत चुनखडी बहुधा आधीच असते. आणखी चुना पडला की झाडाला लोह आणि जस्त मिळेनासे होते, पाने पिवळी पडतात. दगडखाणींतली क्रशरची भुकटी घालण्याचेही हल्ली बोलले जाते. तिच्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सावकाश सुटते, पण आपली माती मुळात त्याच दगडाची. शिवाय कोरडी भुकटी उडाली की ती फुप्फुसात जाते, हे खाणींच्या या गावाला मी काय सांगावे!

इथे कंपोस्टच बरे. गाळात वाळका पालापाचोळा मिसळून ढीग लावावा. अमेरिकेच्या 1993 च्या नियमांनुसार अशा ढिगाचे तापमान 15 दिवस किमान 55 अंश सेल्सिअस राहावे लागते आणि त्या काळात तो 5 वेळा उलटावा लागतो. अंदाजाने चालत नाही, थर्मामीटर हवा.

जड धातू मात्र उष्णतेने जात नाहीत. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसे 100 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत हे कंपोस्ट मोठ्या झाडांना घाला, पालक-कोथिंबिरीच्या वाफ्यात नको. आणि माळीकाकांना आजच हातमोजे व गमबूट द्या. जंताच्या गोळीबद्दल त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावे.