पानं पडू द्या

फेब्रुवारी लागला की आमच्या गल्लीतल्या खराट्याचा आवाज बदलतो. एरवी तो डांबरावर नुसता खरखरतो. आता पुढ्यात पानं असतात, त्यामुळे आवाज मऊ होतो, लांबतो. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तो कानावर येतो आणि कळतं, समोरचा कडुलिंब झडायला लागला. माझ्यापुरता बडोद्यातला वसंत त्या पहाटे सुरू होतो.

पंचांग वसंत चैत्र-वैशाखात धरतं. पण आमच्याकडे चैत्र म्हणजे पारा चाळिशीच्या वाटेवर आणि दुपारी रावपुऱ्याचा रस्ता ओस. वसंतपंचमी मात्र पूर्वजांनी माघातच ठेवली आहे, आणि ते मला फार समंजसपणाचं वाटतं. त्या पंचमीपासून होळीच्या पौर्णिमेपर्यंत चाळीस दिवस होतात. तेवढाच आमचा वसंत. शेजारणी त्याला 'डबल सीझन' म्हणतात. पहाटे स्वेटर, दुपारी पंखा आणि घरोघरी खोकला. खोकला खराच आहे. पण वर्षातल्या सगळ्यात सुंदर चाळीस दिवसांना आपण फक्त खोकल्यानं ओळखावं, हे मला पटत नाही.

मी दांडिया बाजारातल्या एका वाड्यात वाढले आणि 31 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वसंतात काय होतं, असं विचारलं की दर वर्गातली मुलं तेच लिहायची: फुलं फुलतात, कोकिळा गाते. मग मी त्यांना मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली न्यायची. तिथे फूल एक नसे. घोटा बुडेल इतकी पिवळी पानं असत. आपल्या भागात वसंत आधी पानगळ घेऊन येतो, हे मुलांना पायांनी कळावं असं मला वाटायचं. थंड देशातलं झाड हिवाळ्याआधी पानं टाकतं आणि महिनोन् महिने उघडं उभं राहतं. आमचा कडुलिंब कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला जुनी पानं टाकतो आणि लगेच कामाला लागतो. खालच्या फांदीवरचं पान गळत असतं त्याच आठवड्यात शेंड्याला तांबूस पालवी फुटलेली असते. पिंपळाची पालवी तर उन्हात आरपार दिसते. हा तांबूस रंग कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतो. पान जून झालं की तो ओसरतो आणि हिरवा वर येतो. हा बदल दिसायला फार तर पंधरा दिवस मिळतात. मान वर करायची, एवढंच करावं लागतं.

मी त्यासाठी कमाटीबागेत जाते. काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडून आत शिरायचं आणि नदीच्या बाजूला चालत जायचं, ही माझी जुनी वाट. आमचे हे असताना आम्ही दोघं जायचो, आता रविवारी नातीला घेऊन जाते. ही बाग 1879 ची आहे. सयाजीराव महाराजांना तेव्हा राज्याचे पुरते अधिकारही मिळाले नव्हते, ते 1881 मध्ये मिळाले. तोवर दिवाण टी. माधवराव कारभार पाहत होते. शहराच्या ऐन मध्यावर शंभर एकरांहून मोठी जागा झाडांसाठी आणि रयतेसाठी राखावी, हे त्या काळात कुणाला तरी सुचलं आणि ते तडीलाही गेलं. आज तेवढी जागा कुणी सोडेल का, हा विचार मी तिथे दर वेळी करते.

फेब्रुवारीत तिथे सकाळी कान उघडे ठेवून बसावं. तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झालेली असते, तांब्याच्या भांड्यावर कुणी छोटी हातोडी मारावी तशी. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. नातीला तो दिसायला तीन रविवार लागले. दिसला तेव्हा ती ओरडली नाही, तिनं माझा हात घट्ट धरला. फांद्यांमध्ये उत्तरायणाचा मांजा अजून लोंबत असतो. हाताला येईल तेवढा आम्ही काठीला गुंडाळून काढतो, कारण विणीच्या दिवसांत पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. पुढे पुलावर माणसं कठड्याला टेकून खाली बघत असतात. विश्वामित्रीच्या काठावर मगरी उन्हाला आलेल्या असतात, जबडा उघडा टाकून, निश्चल. थंडीनं गारठलेलं अंग तापवायचं, मग काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालायची, पिल्लं पावसाच्या सुमाराला बाहेर. ऑगस्ट 2024 च्या पुरात ह्याच नदीनं शहर बुडवलं आणि मगरी रस्त्यावर आल्या होत्या. तेव्हाची भीती मी विसरलेले नाही. तरीही फेब्रुवारीतल्या उन्हात पहुडलेली मगर बघताना मला वाटतं, भरवस्तीत असा शेजार किती शहरांच्या वाट्याला येतो?

ज्यांना जमेल त्यांनी एकदा डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जावं. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 मध्ये रामसर यादीत आला. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले कादंब हिवाळा तिथे काढतात आणि ह्याच दिवसांत हिमालय ओलांडायला निघतात. जाण्याआधी ते आसपासच्या शेतांतून चरून घेतात.

जिभेचंही सांगायला हवं. खंडेराव मार्केटबाहेर ह्या दिवसांत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. इथे त्याला जिंजरा म्हणतात. लारीवाला घाटे मिठात खरपूस भाजून कागदाच्या पुडीत देतो. सालं सोलताना बोटं काळी होतात, ओठांना मीठ लागतं आणि दाणा आत हिरवा, गरम, गोडसर निघतो. आई त्याला हुळा म्हणायची. ती नाशिककडची, शेतात पाचोळ्याच्या जाळावर भाजलेल्या हुळ्याच्या आठवणी सांगायची. महाशिवरात्रीला कवठ. एरवी वर्षभर कुणी त्याच्याकडे बघत नाही, पण त्या दिवशी सुरसागर तलावाच्या बाजूला कवठांचे ढीग लागतात. आमच्याकडे कवठ उंबऱ्यावर आपटून फोडायचं आणि गर गुळात कालवायचा, हाच नेम. ह्यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. फक्त त्या त्या आठवड्यात ते आणायला हवं, कारण होळीनंतर जिंजरा बघायलाही मिळत नाही.

आणि केसुडा. पळसाच्या फुलांना इथे केसुडा म्हणतात. छोटाउदेपूर, जांबुघोड्याकडची रानं ह्या दिवसांत केशरी होतात आणि तिकडच्या बाया सुकलेली फुलं टोपल्यांतून शहरात आणतात. वाड्यात आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब होतं. त्या घरच्या बा होळीच्या आदल्या रात्री तांब्याच्या घंगाळात केसुडा भिजत घालायच्या. सकाळी पाणी शेंदरी झालेलं असे. त्या पाण्यानं अंघोळ केली की उन्हाळ्यात अंगावर घामोळं उठत नाही, असं त्यांचं ठाम मत. दोन तांबे आम्हा मुलांच्याही डोक्यावर यायचे. आई आधी नाही म्हणाली, पांढरे सदरे डागतील म्हणून. पुढल्या वर्षी तिनं स्वतःच केसुडा आणला. बांनी शिकवलेलं ते पाणी आज माझी नात अंगावर घेते. घामोळ्याचं मी शास्त्रानं सांगू शकणार नाही, पण त्या पाण्याला येणारा किंचित तुरट, रानाचा वास मी साठ वर्षांत विसरलेले नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. खराट्याचा तो मऊ आवाज थांबला की अर्ध्या तासात धूर येतो. गोळा केलेली पानं रस्त्याच्या कडेला ढीग करून पेटवतात. आधीच खोकल्याचा मोसम, त्यात दमेकरी माणसं आणि लहान मुलं. ओलसर पान पेटत नाही, धुमसतं, म्हणून तो धूर दाट असतो आणि जमिनीलगत रेंगाळतो. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. दंडानं मात्र धूर थांबलेला मी तरी पाहिला नाही. कारण ज्या माणसाच्या हातात खराटा असतो त्याला आपण सगळे म्हणतो, 'सकाळी अंगण स्वच्छ हवं.' पान उचलून टाकायला जागा आपण दिलेली नसते. मग तो काडी ओढतो. दोष त्याचा नाही.

पडलेलं पान म्हणजे घाण, ही समजूत आधी जायला हवी. झाडानं उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतःच्या मुळांवर अंथरूण घातलेलं असतं. त्याखाली माती मे महिन्यातही थोडी ओल धरून राहते, गांडुळं जगतात, साळुंक्या तिथेच उकरून पोट भरतात. आपण ते अंथरूण ओढून काढतो, जाळतो, आणि एप्रिलमध्ये त्याच झाडाला पाइपनं पाणी घालतो.

दुसरी घाई करवतीची. उन्हाळ्यापूर्वी 'वाळलेल्या फांद्या काढून घ्या' म्हणून माणसं बोलावली जातात. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या पांगाऱ्याची एक वाळकी फांदी अशीच काढली. खाली पडली तेव्हा तिच्यात रुपयाएवढं गोल, कोरून काढलेलं भोक होतं. आत तांबटाची अंडी होती, फुटलेली. तांबट जिवंत लाकूड कोरू शकत नाही, त्याला घरासाठी वाळकी, मऊ फांदीच लागते, आणि त्याची वीण ह्याच महिन्यांत असते. हे मला ठाऊक होतं. मी त्या दिवशी घरी होते आणि वेळेवर खाली उतरले नाही, ह्याचं दुःख मला अजून आहे. फांदी कुणाच्या डोक्यावर पडण्याजोगी असेल तर अवश्य काढावी. पण जी रस्त्यापासून दूर आहे, तिला पावसाळ्यापर्यंत थांबता येतं.

त्यानंतर आम्ही चारपाच जणांनी सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत विटांचे दोन हौद रचले. सांध्यांत फटी ठेवल्या, हवा खेळावी म्हणून. पानं त्यात टाकायची, थोडं शेण कालवून ओतायचं, आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडायचं आणि गोणपाट घालायचं. पहिल्या वर्षी मे महिन्यात उघडून बघितलं तर पानं होती तशीच. काही जण म्हणाले, जाळणंच बरं. बडोद्याच्या कोरड्या उन्हात पान कुजत नाही, त्याला पावसाची वाट बघावी लागते, एवढंच होतं ते. जूननंतर ढीग झपाट्यानं खाली बसला आणि दिवाळीला हात घातला तर काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास असलेलं खत निघालं. आता झाडणाऱ्या मावशींना पानं कुठे न्यायची ते माहीत आहे, त्यामुळे आमच्या गल्लीच्या ह्या टोकाला धूर होत नाही.

तुमच्या अंगणात, सोसायटीत, शाळेच्या आवारात कडुलिंब असेलच. ह्या आठवड्यात खाली उतरा आणि झाडणाऱ्या माणसाशी स्वतः बोला. त्यांना म्हणा, रस्त्यावरची पानं लोटा, बुंध्याभोवतीची राहू द्या, आणि उरलेली टाकायला ही जागा. पाडव्याला प्रसादात घालायची तांबूस पालवी त्याच झाडावर यायची आहे.