तापलेले इंजिन आणि व्यवहारातील सचोटी

वैशाख-ज्येष्ठात वऱ्हाडातील पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. लग्नसराई आणि तीर्थयात्रा यांचे दिवसही नेमके हेच. धामणगाव रेल्वेहून कोणी मुक्तागिरीला निघतो, कोणी कारंजा करून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातो. रेल्वेच्या सोयीमुळे नावारूपाला आलेल्या या गावाच्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्गही जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि एरवी बाजारपेठ व शेत यांच्यामध्येच फिरणारी जुनी गाडी तासन्‌तास वेगाने धावू लागली. गावातल्या फेऱ्यांत झाकून राहिलेला रेडिएटरचा दोष अशा प्रवासात उघडा पडतो.

दोष बहुधा क्षुल्लकच असतो. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू बसलेले असतात, रबरी नळी कडक होऊन तडकलेली असते, पंखा वेळेवर सुरू होत नाही, पाण्याचा पंप झिरपतो किंवा थर्मोस्टॅट अडकतो. त्यात शीतलक द्रवाऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची सवय भर घालते. अकोट-दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यातील पाणी घरातील भांड्यांवर जो थर धरते, तोच थर ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरते. शीतलक आणि शुद्ध केलेले पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, झाकणाचा दाब शाबूत असल्यास, १२० अंशांच्याही वर उकळते. साधे पाणी त्याआधीच उकळते आणि आतून गंजही धरते. म्हणजे काही शे रुपयांची बचत थेट इंजिनाच्या आयुष्यातून वजा होते.

खरे नुकसान मात्र काटा लाल रेषेकडे सरकल्यानंतरच्या काही मिनिटांत ठरते. पुष्कळ जुन्या इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बोल्टांनी घट्ट आवळलेल्या हेडला पसरायला जागा नसते, म्हणून ते वाकते. मधले गॅस्केट चेपते आणि तेल, पाणी व जळता वायू यांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. पुढचे गाव पाच किलोमीटरवर आहे, तिथपर्यंत नेऊ, या विचाराने गाडी दामटली की हजारांतले काम लाखाच्या घरात जाऊ शकते.

म्हणून काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण सुरू करावा आणि गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी. काटा लाल रेषेत गेला असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. काटा अचानक खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये. आतले पाणीच संपले तर संवेदक कोरडा पडतो आणि खोटे सांगतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळता द्रव अंगावर उसळतो, आणि तापल्या धातूवर थंड पाणी ओतल्यास त्याला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबणे किंवा गाडी ओढून नेणे, हे दोनच मार्ग उरतात. महामार्गावर प्रवाशांनी, विशेषतः मुलांनी व वृद्धांनी, गाडीत न बसता कठड्यापलीकडे सावलीत थांबावे.

दुरुस्तीच्या वेळी दोन घाईचे उपाय सर्रास सुचवले जातात. एक, थर्मोस्टॅट काढून टाकणे. दुसरा, गळती बुजवणारी पूड टाकणे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिनाला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो, इंधन अधिक जळते आणि झीज वाढते. चोंदलेला रेडिएटर तर तसाच राहतो. पूड गळती झाकते आणि कधी कधी नळ्याही चोंदवते. हेड उतरवले असेल तर ते सपाट आहे की नाही हे पट्टी व फीलर गेजने तपासून घ्यावे, तडा आहे का ते दाबाने पाहावे आणि आवश्यक असल्यास फेसिंग करावे. मूळ कारण न शोधता केवळ गॅस्केट बदलल्यास तोच खर्च पुन्हा दारात उभा राहतो.

आता हिशेबाचा प्रश्न. समजा, सुस्थितीतील अशा गाडीला १,२०,००० रुपये येतात, आहे त्या अवस्थेत ४०,००० येतात, आणि दुरुस्तीचा अंदाज ४५,००० आहे. दुरुस्तीने मूल्य ८०,००० रुपयांनी वाढते, तेव्हा ती करावी. अंदाज ९०,००० असेल तर करू नये. गेल्या वर्षी टायरांवर घातलेले ३०,००० या हिशेबात कुठेही येत नाहीत, कारण ते कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. विम्यावरही भिस्त ठेवू नये. नेहमीच्या वाहन विम्यात यांत्रिक बिघाड व झीज यांची भरपाई मिळत नाही. दुसरे इंजिन बसवल्यास त्याचा क्रमांक परिवहन कार्यालयाकडून नोंदणी प्रमाणपत्रात बदलून घ्यावा लागतो, हेही ध्यानात असावे.

या हिशेबातून काही जण तिसरी वाट काढतात. जुजबी डागडुजी करायची, इंजिन धुऊन चकचकीत करायचे आणि दोष न सांगता गाडी विकून टाकायची. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे माल पारखून घेण्याची जबाबदारी सामान्यतः खरेदीदाराची असते, हे खरे. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे ही फसवणूक मानली आहे. श्रावकाचाराची दृष्टी त्याही पुढची आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हिणकस वस्तू अस्सल म्हणून देणे, हा एक आहे. वाकलेल्या हेडवर रंग मारून दिलेली गाडी त्याहून वेगळी नाही. ती घेणारा बहुधा पहिल्यांदाच चारचाकी घेणारा, जमवलेली पुंजी एकदाच खर्चणारा माणूस असतो, आणि गाडी बंद पडते ती त्याच्या बायकामुलांसह.

खरेदीदारानेही डोळे उघडे ठेवावेत. इंजिन पूर्ण थंड असताना जावे आणि ते स्वतःच्या हाताने सुरू करावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. शीतलकाच्या टाकीत तांबूस गाळ किंवा तेलाचा तवंग, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर, हेडच्या सांध्यावर ताजे सीलंट, ही चिन्हे पाहावीत. वातानुकूलन लावून निदान २० किलोमीटर गाडी चालवावी आणि काटा कुठे स्थिरावतो ते बघावे.

विकणाऱ्याने एवढेच करावे. इंजिन केव्हा तापले, हेड उतरले की नाही, काय बदलले, हे बिलांसह विक्रीच्या कागदावर लिहून द्यावे. किंमत दहा-वीस हजारांनी उतरेल. पण धामणगावसारख्या गावात गाडी घेणारा उद्या बाजारात, परवा मंदिराच्या पायरीवर भेटणारच असतो. त्या भेटीत नजर चुकवावी लागू नये, एवढ्यासाठी ही रक्कम मोठी नाही.