सार्वजनिक पाणी, सार्वजनिक वाट

नांदेड आणि लातूर हे शेजारी जिल्हे. परंतु वनसंपदेच्या बाबतीत त्यांचे दैव सारखे नाही. नांदेडच्या उत्तरेला किनवट आणि माहूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर सागाचे जंगल अजून टिकून आहे. लातूर जिल्ह्यात मात्र जंगल म्हणावे असे क्षेत्र नाममात्र उरले आहे. दोन्हीकडच्या माणसांचे डोळे मात्र उन्हाळा लागला की सारखेच जलाशयाकडे लागतात. या दोन्ही जिल्ह्यांतील मुले आपल्या शाळेच्या एकाच छताखाली वाढली. त्यांच्या कुटुंबांपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक विचार ठेवू इच्छितो. वर्षातून किमान एकदा आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी मिळून आपल्या परिसरातील जंगलातून, जलाशयाच्या काठाने पायी फिरावे.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो रास्त आहे. ज्यांच्या आयाबायांनी सरपणाच्या मोळीसाठी रान तुडवले, हंडाभर पाण्यासाठी कोसभर पायपीट केली, ज्यांनी ऊसतोडीच्या हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जिल्हे ओलांडले, त्यांना चालण्याचे कौतुक कोणी सांगावे? चालणे हे आपल्या मागच्या पिढीचे कष्ट होते. शिक्षणाने आपल्याला त्या कष्टांतून सोडवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु कष्टांबरोबर रानही सुटले. मोळी आणणाऱ्या आजीला पंचवीस झाडांची नावे पाठ होती. तिच्या पदवीधर नातवाला पाच सांगता येत नाहीत. गरजेपोटी चालणे संपले, तिथूनच स्वेच्छेने चालणे सुरू व्हायला हवे. आजीचे ज्ञान पुढे नेण्याचा दुसरा मार्ग आम्हांला दिसत नाही.

सहकुटुंब रानात जाण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस आली की लातूर आणि आसपासची गावे ओस पडतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन सारी माणसे शेतात जातात. हा सोहळा आम्हांलाही प्रिय आहे. मात्र त्याच्या मुळाशी शेत आहे, आणि ज्याला शेत नाही तो तिथे दुसऱ्याच्या आमंत्रणाने जातो. आमंत्रण देणारे मनाने उदार असतात, यात शंका नाही. तरीही यजमान तो यजमान आणि पाहुणा तो पाहुणा. सरकारी जंगल आणि धरणाचा जलाशय यांचे तसे नाही. ते सार्वजनिक आहेत. तिथे भूमिहीनाच्या लेकरालाही कोणाच्या बोलावण्याची वाट पाहावी लागत नाही.

सार्वजनिक या शब्दाचे मोल आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो पावले तळ्याकडे चालत गेली, तेव्हाच त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतरचा न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. त्याच काळात, २४ एप्रिल १९३२ रोजी, इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातील गिरण्या-कारखान्यांतील कामगार तरुण-तरुणी किंडर स्काउट या पठारावर चालत गेले. जमीनदारांनी ते पठार पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये तोच प्रदेश ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. महाडचा प्रश्न माणुसकीचा होता, किंडरचा मोकळ्या हवेचा; दोहोंची तुलना होऊ शकत नाही. पण जे सर्वांचे आहे तिथे सर्वांची पावले पडली पाहिजेत, हे दोन्ही घटना सांगतात.

लातूरकरांना या विचाराची निकड अधिक आहे. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या वर्षी घागरींच्या रांगेत आईबरोबर उभी असलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. त्यांतील किती जणांनी आपल्या नळाचे पाणी जिथून येते तो जलाशय पाहिला असेल? जंगल आणि जलाशय हे दोन वेगळे विषय नाहीत. पानगळीचा थर पावसाचे पाणी मुरवतो, मुळे माती धरून ठेवतात. उतार उघडा पडला की तीच माती वाहत येऊन गाळाच्या रूपाने धरणाच्या पोटात बसते आणि तेवढी पाण्याची जागा कमी होते. पुस्तकातील हा धडा काठाने चालताना मुलाच्या नजरेस सहज पडतो.

जाण्याजोगी ठिकाणे दूर नाहीत. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्ग किनवटवरून जातो, त्यामुळे स्वतःचे वाहन नसले तरी अडत नाही. इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत, पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. कंधारला राष्ट्रकूटकाळाशी नाते सांगणारा जगत्तुंग सागर आहे, लोहा तालुक्यात मन्याड नदीवर लिंबोटीचा जलाशय आहे. लातूरकरांना चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे वनौषधींचे बेट आणि उदगीरजवळचे हत्तीबेट जवळ पडते. यांपैकी कुठेही गिर्यारोहकाची तयारी लागत नाही.

सावधगिरी मात्र हवी. हिवाळा हा उत्तम काळ. अंतर तीन-चार किलोमीटरच असावे आणि चाल घरातील सर्वांत थोरल्याची नि सर्वांत धाकट्याची असावी. जलाशय काठावरून पाहावा, पाण्यात उतरू नये; काठचा गाळ पाय धरतो आणि खोलीचा अंदाज येत नाही. वरच्या अंगाला ईसापूर धरणाचे दरवाजे उघडले की सहस्रकुंडाचे पाणी पाहता पाहता चढते, म्हणून खडकांवर छायाचित्रांसाठी उतरण्याचा मोह टाळावा. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि वेळा पाळाव्यात. चूल पेटवू नये, कारण वणव्याला एक ठिणगी पुरते आणि धुराने आग्या मोहोळ उठते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी घरून न्यावे. रिकाम्या पिशव्या घरी परत आणाव्यात.

आणखी एक भान राखले पाहिजे. किनवट-माहूरचे जंगल गोंड, आंध, कोलाम या समाजांचे घर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या नात्याला मान्यता दिली. आपण तिथे हक्काने जावे, पण मालकाच्या तोऱ्यात वागू नये. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्यावा, त्याच्या श्रमाचे मोल द्यावे, त्याच्याकडून झाडांची नावे ऐकून मुलांनी ती वहीत उतरवावीत. ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांच्या वारसांनी दुसऱ्याच्या अंगणात कसे वागावे, याची कसोटी इथे लागते.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी दरवर्षी मेळाव्यासाठी जमतात. सत्कार होतात, भाषणे होतात, आणि सोबत आलेली मुले मंडपाच्या मागे कंटाळून बसतात. आमची सूचना एवढीच आहे की, मेळाव्याचा दुसरा दिवस पायवाटेसाठी राखावा. एका वर्षी नांदेडकरांनी लातूरकरांना किनवटच्या सागवनात न्यावे, पुढच्या वर्षी लातूरकरांनी त्यांना वडवळच्या बेटावर. प्रत्येक वर्षी जलाशयाची पातळी, भेटलेली झाडे आणि पक्षी यांची नोंद एका वहीत करून ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. दहा वर्षांत ती वही परिसराचा एक विश्वासार्ह दस्तऐवज होईल. पाणी आटू लागले किंवा झाडे कमी झाली, तर ते आधी आपल्या मुलांच्या लक्षात येईल, आणि प्रश्न विचारण्याइतकी माहिती त्यांच्या हाताशी असेल.