सातचा भोंगा

मुलांनो, साखर कारखान्यांच्या भागात राहणाऱ्याला भोंगा नवा नसतो. आपल्या अंथुर्ण्याच्या जवळच वालचंदनगर आहे, भवानीनगर आहे. ही कारखान्यांचीच गावे. भोंगा झाला की पाळी बदलली, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण भोंगा वाजला आणि साऱ्या गावाने टीव्ही बंद केला, असे तुम्ही कधी ऐकले आहे का?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. शेती करणारे आणि साखर कारखान्यात काम करणारे लोक, म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच. 2020 साली कोरोनाची साथ आली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर सुरू झाला. ज्या घरात मुलांच्या हाती फोन देत नव्हते, तिथेही तो द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही मुलांच्या हातून सुटेना. शाळेतून आले की फोन, फोन काढून घेतला की टीव्ही. घरातली मोठी माणसेही त्यातच गुंतलेली. ऑगस्ट 2022 मध्ये गावातल्या बायकांच्या सभेत हा विषय निघाला आणि सरपंच विजय मोहिते यांनी तो तडीस नेला. 15 ऑगस्टपासून देवळावर बसवलेला भोंगा रोज संध्याकाळी सात वाजता वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला हवे त्याने सुरू करावे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे.

सुरुवातीला गावातले पुरुष हसले म्हणे. भोंग्याने कुठे टीव्ही बंद होतो का? त्यांचे खरेच होते. नुसत्या भोंग्याने तो झाला नाही. अंगणवाडीच्या सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावले, कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे हेही पाहिले. तेव्हा कुठे गाव वळणावर आले.

ही बातमी त्या वेळी फार गाजली. मला तीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भोंगा फक्त मुलांसाठी वाजत नव्हता. आजोबांच्या बातम्या, आईची मालिका, वडिलांचा फोन, सगळे एकाच वेळी बंद. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाच्या ग्रामपंचायतीने वेगळा ठराव केला. अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी, आणि मोडणाऱ्याला दंड. त्या गावाची काळजी खोटी नव्हती. तरीही मला विचाराल तर मी वडगावच्या बाजूची आहे. ज्या घरात बाप फोन पाहत जेवतो, त्या घरात मुलाच्या हातून फोन काढून घेतला तर मुलाला काय कळते? फोन वाईट आहे, हे कळत नाही. फोन मोठ्यांचा आहे, एवढेच कळते. मग ते मोठे होण्याची वाट पाहते.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांचे एकदम बंद झाले म्हणून राग कसा येत नाही? याचे उत्तर मला माहेरी मिळाले होते. 2005 च्या सुमारास खेड्यापाड्यांत भारनियमन फार असे. तासन्‌तास वीज नसायची. मी तेव्हा शाळेत शिकत होते. ऐन संध्याकाळी दिवे गेले की साऱ्या गल्लीतून एकच आवाज उठायचा, "गेली!" आणि पाचच मिनिटांत सगळे ओट्यावर. कोणी वाळवणातले शेंगदाणे आणी, कोणी भेंड्या लावी, आमचे अब्बा आम्हांला पाढे म्हणायला लावीत. अभ्यासाचे हाल होत, पिठाची गिरणी बंद पडे, शेतात पाणी देता येत नसे. भारनियमन चांगले होते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण टीव्ही बंद झाला म्हणून एकही मूल रुसत नव्हते. रुसायचे कोणावर? सगळ्यांचाच बंद असे.

आपण होऊन असे करणारे लोक दूरदेशीही होते. आइसलंड या देशात 1966 साली दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा दर गुरुवारी प्रक्षेपणच होत नसे. गुरुवारी संध्याकाळी लोकांनी एकमेकांकडे जावे, असा रिवाज पडला. 1987 पर्यंत हे चालले. आपल्याकडे तसे मुद्दाम करावे लागले नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेव्हा कार्यक्रमच संध्याकाळी काही तास असत. ते संपले की पडदा आपोआप काळा होई. आता तो कधीच आपण होऊन काळा होत नाही. म्हणून तो कोणी तरी काळा करावा लागतो, आणि इथेच घरात भांडण सुरू होते.

आमच्या घरचे सांगते. शिक्षिकेने दुसऱ्याला सांगायचे आणि स्वतःचे झाकायचे, हे बरे नव्हे.

माझ्या पतीचे वेल्डिंगचे दुकान आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची मोडतोड सुरू होते, आणि त्यांना घरी यायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. मी शाळेतून येते ती वह्यांचा गठ्ठा घेऊन. मग भाकरी, भांडी, उद्याचे डबे. धाकटा मुलगा चार वर्षांचा. तो जेवायला त्रास देई. एक दिवस त्याच्यासमोर फोन लावून ठेवला, तर त्याने मुकाट्याने अख्खी भाकरी खाल्ली. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशीही. महिन्याभराने अशी वेळ आली की फोन नसेल तर तो तोंड उघडेना. एकदा माझा फोन बिघडला आणि दुरुस्तीला गेला. ते मूल दोन दिवस धड जेवले नाही. मी मुलांच्या मानसशास्त्रावर बी.एड.ला पेपर लिहिला होता, चांगले गुणही मिळाले होते. त्या दोन दिवसांत त्यांतला एकही गुण कामी आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त पडद्यासमोर बसवू नये, त्याहून कमी तर अधिक चांगले. आमचा तास सकाळच्या दुधातच संपत होता.

म्हणून घरात दमलेल्या आईने मुलाला फोन दिला तर तिला नावे ठेवायला मी तयार नाही. घरात माणसे कमी आणि कामे जास्त झाली, की मुलाजवळ बसायला कोणी उरत नाही. तिथे पडदा येऊन बसतो. तो फुकट बसतो, थकत नाही, चिडत नाही. त्याला उठवायचे तर त्या जागी दुसऱ्या कोणी तरी बसायला हवे. हे न करता नुसता टीव्ही बंद केला, तर मूल रडणारच.

आमच्या घरी बसायला माणूस होते. माझ्या सासूबाई. मुले त्यांना दादी म्हणतात, म्हणून इथे मीही दादीच म्हणते. पण घरात टीव्ही सर्वांत जास्त कोण पाहत असेल तर त्याच. सातपासून नऊपर्यंत त्यांच्या मालिका. नातू मांडीवर, नात शेजारी, वही उघडी आणि नजर पडद्यावर. आता सुनेने सासूला कसे सांगावे की टीव्ही बंद करा? वडगावला सरपंच होते. आमच्या घरात मी सरपंच नाही.

आठ-दहा दिवस मी गप्पच राहिले. मग एका रात्री जेवणे झाल्यावर वडगावची बातमी सर्वांना वाचून दाखवली. दादी म्हणाल्या, "आपल्याकडे कुठला भोंगा?" आणि मग त्यांनीच तोड काढली. "मगरिब ते इशा ठेवा. अजान झाली की टीव्ही बंद. इशा झाली की लावा." हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मगरिब आणि इशा यांच्यात साधारण सव्वा ते दीड तासाचे अंतर असते, म्हणजे वडगावइतकेच. फरक एवढाच की भोंग्याची वेळ घड्याळावर आणि मगरिबची सूर्यावर. हिवाळ्यात ती सहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सात वाजून गेल्यावर. माझी मोठी मुलगी आठवीत आहे. तिने लगेच हिशेब केला की हिवाळ्यात तिचा आवडता कार्यक्रम वाचतो, पण उन्हाळ्यात बुडतो. तिची ती तक्रार अजून कायम आहे, आणि ती चुकीची आहे असे मला म्हणता येत नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. धाकट्याने थाळी ढकलली. मुलगी वही समोर घेऊन भिंतीकडे पाहत बसली. दादी तर पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होत्या. मग कंटाळून त्यांनीच बोलायला सुरुवात केली. 1987-88 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचे. त्यांच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. सगळी गल्ली तिथे, दादीही कडेवर पोर घेऊन तिथे. हिंदू कोण, मुसलमान कोण, जागा मिळेल तिथे बसायचे. एकदा ऐन वेळी चित्र गेले, तर एक जण छपरावर चढून अँटेना फिरवी आणि खाली सगळे ओरडत, "आलं! गेलं! आलं!" हे सांगताना दादींनी असे काही हात फिरवले की धाकटा हसत सुटला, आणि त्याच्या तोंडात घास कधी गेला ते त्याला कळले नाही. मला मात्र कळले.

टीव्ही वाईट असतो असे मी म्हणत नाही, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. साथीच्या काळात, जुलै 2020 मध्ये, सह्याद्री वाहिनीवर शाळेतल्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली होती. माझी मुलगी उर्दू माध्यमात शिकणारी. तिने घरी बसून त्या मालिकेतून मराठी ऐकले, आणि तिच्या मराठीत फरक पडला. आता गंमत पाहा. दूरदर्शन म्हणजे दूरचे पाहणे. तुमच्या उर्दूत दूरबीन शब्द आहे, त्याचाही अर्थ तोच, आणि मराठीतली दुर्बीण ही त्याच शब्दाची बहीण. दुर्बीण आपण डोळ्याला लावतो, पाहतो आणि बाजूला ठेवतो. दिवसभर डोळ्याला लावून कोणी घरात फिरत नाही.

आमच्याकडे अजून एक गोष्ट सुटलेली नाही, ती म्हणजे पतींचा फोन. ज्या दिवशी ते लवकर घरी येतात, त्या दिवशीही हंगामात एखादी ट्रॉली शेतात फसते, जोड तुटतो, आणि ऊसवाल्याचा फोन येतो. तो न घेऊन कसे चालेल? पोट त्यावरच आहे. शेवटी असे ठरले की त्यांनी फोन घ्यावा, पण अंगणात जाऊन, आणि बोलणे संपले की परत यावे. मुलगी दारात उभी राहते. बोलणे संपल्यावरही अब्बा तिथेच फोनमध्ये डोके घालून उभे राहिले, तर ती आतून मोठ्याने आकडे मोजू लागते. दहाच्या आत ते येतात. कधी कधी पंधराही होतात.

दादींचे राहिले. संध्याकाळची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, ती त्या पाहतात. मला वाटले, प्रश्न सुटला. पण एकदा त्या म्हणाल्या, "दुपारी घरात कोणी नसतं. पाहते, पण बोलू कोणाशी?" मी मालिकेचा वेळ बदलला होता. त्यांना त्या वेळी सोबत हवी असते, हे मी पाहिलेच नव्हते. आता शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा दुपारी मी आणि मुलगी त्यांच्याजवळ बसतो. ती मालिका मला अजिबात आवडत नाही. गेल्या शनिवारी मी वह्या तपासत बसले होते, तर दादींनी माझ्या हातातला लाल पेन काढून घेतला आणि म्हणाल्या, "इकडं बघ, आता ती सून बोलणार आहे."