भारतीय राष्ट्रीय बॅडमिंटन संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी

भारतीय राष्ट्रीय बॅडमिंटन संघ हा आंतरराष्ट्रीय सांघिक बॅडमिंटन स्पर्धांमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा संघ होय. १९३४ मध्ये स्थापन झालेली भारतीय बॅडमिंटन संघटना या संघाची निवड करते. पुरुष संघ थॉमस चषकासाठी, महिला संघ उबर चषकासाठी आणि मिश्र संघ सुदिरमान चषकासाठी खेळतो. यांशिवाय आशियाई क्रीडा स्पर्धा, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा व आशियाई सांघिक अजिंक्यपद स्पर्धा यांतही भारताचा संघ उतरत आला आहे. २०२२ मध्ये जिंकलेला थॉमस चषक हे संघाचे आजवरचे सर्वोच्च यश मानले जाते. प्रस्तुत लेखात २०२५ अखेरपर्यंतच्या कामगिरीचा आढावा घेतला आहे.

सांघिक स्पर्धेचे स्वरूप

ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची सांघिक स्पर्धा नाही. त्यामुळे ऑलिंपिक पदकांवरून एखाद्या देशाची सांघिक ताकद जोखता येत नाही. सांघिक स्पर्धेत दोन देशांमधील एका लढतीत अनेक सामने होतात आणि अधिक सामने जिंकणारा देश लढत जिंकतो.

थॉमस चषकाची पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली. आरंभी तिच्या एका लढतीत पाच एकेरी व चार दुहेरी असे नऊ सामने असत. १९५६-५७ मध्ये सुरू झालेल्या उबर चषकात तीन एकेरी व चार दुहेरी असे सात सामने होत. १९८४ पासून दोन्ही स्पर्धांमध्ये तीन एकेरी व दोन दुहेरी असे पाच सामने खेळले जातात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या सुदिरमान चषकात पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी व मिश्र दुहेरी असा प्रत्येकी एक सामना असतो. म्हणजे पाचांपैकी तीन सामने दुहेरीचेच. एखादा असामान्य एकेरी खेळाडू देशाला ऑलिंपिक पदक मिळवून देऊ शकतो, पण सांघिक चषक जिंकण्यासाठी किमान तीन विजय लागतात. भारताच्या सांघिक इतिहासातील चढउतार समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

प्रारंभीचा काळ

बॅडमिंटन हे नाव इंग्लंडमधील एका वास्तूवरून पडले असले, तरी या खेळाच्या आरंभीच्या नियमांचा संबंध पुण्याशी आहे. १८७० च्या दशकाच्या सुमारास पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. पुढे पुणे व मुंबई ही भारतीय बॅडमिंटनची महत्त्वाची केंद्रे बनली. क्रिकेटपटू दि.ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. तथापि महिलांची जागतिक सांघिक स्पर्धा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली. त्यामुळे त्यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांत देशासाठी सांघिक चषक खेळण्याची संधीच उपलब्ध नव्हती.

पुरुष संघाने १९५२ व १९५५ च्या थॉमस चषकात उपांत्य टप्प्यापर्यंत मजल मारली. या कालखंडातील प्रमुख खेळाडू नंदू नाटेकर (१९३३–२०२१) हे मूळचे सांगलीचे. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळवले. आंतरराष्ट्रीय विजेतेपद पटकावणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकात त्यांनी एकेरीचे १६ पैकी १२ आणि दुहेरीचे १६ पैकी ८ सामने जिंकले. १९५९, १९६१ व १९६३ मध्ये त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. एकच खेळाडू एकेरी व दुहेरी दोन्ही समान जबाबदारीने खेळत असे, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होय. एकेरी व दुहेरीचे आजच्यासारखे स्वतंत्र विशेषीकरण तेव्हा झालेले नव्हते.

वैयक्तिक यशाचा कालखंड

१९७९ मध्ये पुरुष संघ पुन्हा थॉमस चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. प्रकाश पदुकोण यांनी त्यापुढील वर्षी ऑल इंग्लंड विजेतेपद मिळवले. आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुष संघाने १९७४ (तेहरान), १९८२ (दिल्ली) व १९८६ (सोल) येथे कांस्यपदके जिंकली. दिल्लीत महिला संघालाही कांस्यपदक मिळाले. त्याच स्पर्धेत पुरुष दुहेरीचे कांस्य लेरॉय डिसा व महाराष्ट्राचे प्रदीप गंधे यांनी पटकावले. तत्पूर्वी १९७८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अमी घिया यांनी कंवल ठाकर सिंग यांच्यासह महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवले होते. या दुहेरी पदकांची आठवण पदुकोण यांच्या विजेतेपदाच्या तुलनेत लवकर पुसट झाली.

यानंतरच्या तीन दशकांत पुलेला गोपीचंद यांचे २००१ चे ऑल इंग्लंड विजेतेपद, साईना नेहवाल यांचे २०१२ चे ऑलिंपिक कांस्य आणि पी.व्ही. सिंधू यांची २०१६ व २०२० (प्रत्यक्षात २०२१) ची ऑलिंपिक पदके अशी वैयक्तिक यशाची मालिका उभी राहिली. प्रशिक्षणाची मुख्य केंद्रे बेंगळुरू व हैदराबाद येथे स्थिरावली. सांघिक पातळीवर मात्र प्रगती सावकाश होती. १९९८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष संघाला रौप्य व महिला संघाला कांस्य मिळाले. २००६ मध्ये मिश्र संघाला कांस्य, तर २०१० मध्ये दिल्लीत रौप्य मिळाले.

दुहेरीचा उदय

२०१४ मध्ये नवी दिल्लीत आणि २०१६ मध्ये चीनमधील कुनशान येथे महिला संघाने उबर चषकात कांस्यपदक मिळवले. साईना व सिंधू यांच्या एकेरीला ज्वाला गुट्टा (जन्म वर्धा) व अश्विनी पोनप्पा या जोडीची जोड मिळाली होती. २०१४ च्या उपांत्य लढतीत भारताने जपानविरुद्ध पहिले दोन एकेरी सामने जिंकले, पण पुढचे तिन्ही सामने गमावले. निर्णायक दुहेरीत साईना व सिंधू या एकेरीच्याच खेळाडूंना जोडीने उतरवावे लागले. दुसरी सक्षम जोडी नसल्याची उणीव त्या दिवशी उघड झाली.

मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी २०१६ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांची जोडी जमवली. दोघेही उंच आणि जोरकस फटके मारणारे. चिरागचे प्रारंभीचे प्रशिक्षण मुंबईत उदय पवार यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. पुढे तो हैदराबादला गेला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र संघाने अंतिम लढतीत मलेशियाला ३–१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या लढतीतील पहिला विजय सात्त्विक व अश्विनी यांनी मिश्र दुहेरीत मिळवला होता.

२०२२ चा थॉमस चषक

बँकॉक येथील स्पर्धेत भारताने उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाला व उपांत्य फेरीत डेन्मार्कला प्रत्येकी ३–२ असे नमवले. दोन्ही वेळी निर्णायक पाचवा सामना एच.एस. प्रणॉयने जिंकला. १५ मे २०२२ रोजी झालेल्या अंतिम लढतीत १४ वेळच्या विजेत्या इंडोनेशियावर भारताने ३–० असा विजय मिळवला. लक्ष्य सेनने अँथनी गिंटिंगला ८–२१, २१–१७, २१–१६ असे हरवले. सात्त्विक–चिराग यांनी मोहम्मद अहसान व केव्हिन संजया सुकामुल्जो यांच्याविरुद्ध पहिला गेम गमावला, दुसऱ्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्यांचे सामना जिंकण्याचे गुण वाचवले आणि १८–२१, २३–२१, २१–१९ असा विजय मिळवला. किदांबी श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला २१–१५, २३–२१ असे नमवून चषक निश्चित केला. या स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारत यापूर्वी कधीही पोहोचला नव्हता.

दुसऱ्या जोडीचा प्रश्न

सध्याच्या पद्धतीत सामन्यांचा क्रम बहुधा एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी, एकेरी असा असतो. अलीकडच्या महत्त्वाच्या लढती या क्रमाने तपासल्या असता चौथ्या सामन्याविषयी, म्हणजे दुसऱ्या दुहेरीविषयी, एक सातत्य आढळते.

२०२२ मध्ये मलेशिया व डेन्मार्क या दोघांविरुद्ध भारताच्या दुसऱ्या जोडीचा पराभव झाला. सात्त्विक–चिराग, श्रीकांत व प्रणॉय यांनी आपापले सामने जिंकल्यामुळे तो पराभव निभावून गेला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम लढतीत लक्ष्य सेन व सात्त्विक–चिराग यांनी चीनविरुद्ध २–० अशी आघाडी मिळवून दिली. प्रणॉय दुखापतीमुळे खेळू शकला नाही. श्रीकांत, ध्रुव कपिला–साई प्रतीक ही दुसरी जोडी आणि मिथुन मंजुनाथ हे तिन्ही सामने हरले व भारताला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. सांघिक प्रकारातील भारताचे ते आशियाई स्पर्धांमधील पहिलेच रौप्यपदक होते. त्याच स्पर्धेत सात्त्विक–चिराग यांनी पुरुष दुहेरीत देशाला बॅडमिंटनमधील पहिले आशियाई सुवर्ण मिळवून दिले. २०२४ च्या थॉमस चषकात भारत उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून १–३ असा पराभूत झाला. त्या लढतीत दोन्ही दुहेरी सामने गमवावे लागले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मलेशियातील शाह आलम येथे महिला संघाने आशियाई सांघिक अजिंक्यपद प्रथमच जिंकले. अंतिम लढतीत थायलंडविरुद्ध सिंधू आणि ट्रीसा जॉली–गायत्री गोपीचंद यांनी पहिले दोन सामने जिंकले. पुढील एकेरी व दुसरी दुहेरी भारताने गमावली. तनिषा क्रास्टो (गोवा) व अश्विनी पोनप्पा ही अनुभवी जोडी त्या दिवशी उपलब्ध नव्हती. पाचव्या सामन्यात १७ वर्षांच्या अनमोल खरबने विजय मिळवून अजिंक्यपद राखले. म्हणजे येथेही विजय पहिली जोडी व एकेरी यांच्याच बळावर मिळाला.

२०२५ च्या सुदिरमान चषकात सात्त्विक–चिराग व ट्रीसा–गायत्री या दोन्ही जोड्या अनुपस्थित होत्या. भारत डेन्मार्क व इंडोनेशिया यांच्याकडून प्रत्येकी १–४ असा हरला आणि गटातच बाद झाला. पहिली जोडी नसली की संघाची घडी किती विस्कटते, याचे हे उदाहरण होय. २०१४ मध्ये महिला संघात दिसलेली उणीव दशकानंतरही भरून निघालेली नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

दुहेरीची जोडी घडण्यासाठी समान वयाचे व समान ताकदीचे दोन खेळाडू एका ठिकाणी वर्षानुवर्षे असावे लागतात. शिवाय त्यांच्याशी सरावाला किमान आणखी एक तुल्यबळ जोडी लागते. उमलत्या वयातील गुणी खेळाडू एकेकटे दूरच्या अकादमीत गेले की गावातील जोडी मोडते.

ठाणे जिल्ह्यात ठाणे महानगरपालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेने सार्वजनिक खर्चातून खेळाडू घडवण्याचा नमुना उभा केला आहे. तथापि जिल्ह्याची लोकवस्ती मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणपलीकडे, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांकडे, झपाट्याने वाढली आहे. बदलापूर ते ठाणे हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. शाळा सांभाळून रोज दोन वेळा सराव करणाऱ्या मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, गर्दीच्या लोकलमधून हा प्रवास नित्याचा करणे सोपे नाही. स्पर्धात्मक बॅडमिंटनला उंच छताचे, वाऱ्यापासून बंदिस्त सभागृह लागते; लाकडी पायावरचे मैदान लागते आणि एका सामन्यातच अनेक खर्ची पडणारी पिसांची फुले लागतात. हा खर्च एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा ठरतो. एकाच सभागृहात चार मैदाने व ठरावीक वेळ दुहेरीसाठी राखून ठेवणारी व्यवस्था अशा शहरांत झाली, तर जोड्या गावातच टिकू शकतात. मुंबई व पुणे या खेळाच्या दोन जुन्या केंद्रांना जोडणाऱ्या लोहमार्गावरच ही शहरे वसली आहेत.

सद्यस्थिती

२०२५ मध्ये पॅरिस येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सात्त्विक–चिराग यांनी आपले दुसरे कांस्यपदक जिंकले. तान किम हर त्याच वर्षी भारतीय दुहेरीच्या प्रशिक्षणासाठी परतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुवाहाटी येथील जागतिक कनिष्ठ स्पर्धेत भारताने मिश्र सांघिक प्रकारात प्रथमच पदक (कांस्य) मिळवले. त्यामुळे पुढील पिढीत दुहेरीचे खेळाडू तयार होत असल्याचे संकेत मिळतात. दुसरीकडे, २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून बॅडमिंटन वगळण्यात आल्याने भारताला हमखास पदकाची आशा असलेली एक सांघिक स्पर्धा त्या वर्षापुरती नाहीशी झाली आहे. २०२६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे यजमानपद नवी दिल्लीकडे आहे. परंतु ती स्पर्धा वैयक्तिक स्वरूपाची आहे. २०२२ च्या विजयाची पुनरावृत्ती व्हायची, तर ती मुख्यतः चौथा सामना जिंकून देऊ शकणारी दुसरी जोडी केव्हा तयार होते यावर अवलंबून राहील.