फरशी रंगवली, प्रोजेक्टर बसवला... पुढे काय?

आपल्या आयटीवाल्यांची एक जुनी खोड आहे. कुठलाही प्रश्न समोर आला की आपण आधी त्यात काय डिप्लॉय करता येईल ते बघतो. त्यातून शाळा म्हणजे तर हक्काचा विषय. दहा-बारा वर्षं बाकावर बसून काढलेली असल्यामुळे शिक्षणातलं आपल्याला कळतं, असं प्रत्येकालाच वाटतं. (विमानात शंभर वेळा बसलं म्हणून कोणी स्वतःला वैमानिक समजत नाही. असो.)

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करणं भाग पडलं. तेव्हापासून शनिवारी एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी बसमधून झेडपीच्या शाळांमध्ये उतरताना दिसतात. टॅब वाटतात, प्रोजेक्टर बसवतात, मागे उभं राहून एक तास 'ऑब्झर्व्ह' करतात, फोटो काढतात आणि येताना मिसळ खाऊन परत. पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही, मिसळीबद्दल तर नाहीच नाही. तक्रार आहे ती बघण्याबद्दल. वर्गात जाऊन आपण यंत्र बघून येतो, शिकवणं बघतच नाही.

मी बघितलेले दोन तास सांगतो. पहिला शहरातल्या एका बऱ्यापैकी महाग शाळेतला, पालकांसाठी ठेवलेला. भिंतभर टच पॅनल. विषय: विद्युत परिपथ. पॅनलवर सेल, तारा, बल्ब आणि तारेतून पळणारे पिवळे ठिपके. ठिपके फिरले, बल्ब लागला, मॅडमनी विचारलं, "अंडरस्टूड?" चाळीस आवाज एका सुरात, "येस मॅम!" शेजारचे पालक मोबाईलवर व्हिडिओ घेत होते. त्या मॅडमची यात काडीची चूक नाही. पॅनलबरोबर त्यांना जे 'प्रशिक्षण' मिळालं होतं ते विक्रेत्याच्या माणसाने दिलेलं, म्हणजे कुठलं बटण कुठे आहे एवढंच. त्यामुळे तासभर त्यांच्या बोटाला एकच काम होतं, पुढची स्लाईड.

दुसरा तास एका तालुक्याच्या गावापासून आत असलेल्या झेडपीच्या शाळेतला. विषय तोच. पाचवी-सहावी एकत्र. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही भिंतीवर, पण बंद. बाईंनी दर तिघांत एक सेल, टॉर्चचा एक बारका बल्ब आणि वायरचा एकच तुकडा दिला. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. "हात लावायच्या आधी वहीत काढा, कसं जोडलं तर लागेल ते. आणि वायर गरम लागली तर लगेच सोडून द्यायची."

मुलांनी चित्रं काढली. बाई बाकांमधून फिरत होत्या, कोणाचंही चूक-बरोबर न सांगता. मग त्यांनी तीन वह्यांचे फोटो आपल्या फोनवर काढले आणि आत्ता कुठे टीव्ही सुरू केला. नावं झाकलेली. एका चित्रात वायर सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडाला, बास. दुसऱ्यात सेलच्या दोन्ही टोकांचे रस्ते बल्बच्या बुडाशीच येऊन भिडलेले. तिसऱ्यात बल्बचं बूड सेलच्या टोकावर टेकवलेलं आणि वायर सेलच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या कडेला. "यातला कुठला लागेल? हात वर करा." बहुतेक वर्ग दुसऱ्या चित्राच्या बाजूने! का, असं विचारल्यावर एक पोरगी म्हणाली, "बाई, दोन्हीकडून करंट येतो ना, तो आत एकमेकांवर आपटतो आणि उजेड पडतो."

बाईंनी तिला चूक म्हटलं नाही. "मग करून बघ की," एवढंच. नाही लागला. पाच मिनिटं गोंधळ, आणि मग कोपऱ्यातून आरोळी, "बाई, पेटला!" सगळा वर्ग तिकडे. त्यानंतर बाईंनी फोनचा कॅमेरा बल्बच्या अगदी जवळ धरला आणि ते चित्र टीव्हीवर आणलं. बारकी तार दिसली, तिची दोन टोकंही दिसली. एक टोक बुडाला जातं, दुसरं कडेला. वाटाण्याएवढ्या बल्बात तीस डोकी एका वेळी डोकावू शकत नाहीत, म्हणून टीव्ही. 'आपटणाऱ्या करंट'वाली पोरगी जागेवरून उठून टीव्हीपाशी गेली आणि बोटाने तो रस्ता गिरवून आली.

आता सांगा, यातलं कुठलं तंत्रज्ञान प्रगत? पॅनलची किंमत त्या टीव्हीच्या कितीतरी पट असेल. पण बाईंकडे जे होतं ते पॅनलबरोबर येत नाही. एकच वायर का द्यायची, आधी चित्र का काढायला लावायचं, कुठल्या तीन वह्या निवडायच्या, टीव्ही पंचवीस मिनिटं बंद का ठेवायचा. हे सगळे निर्णय होते आणि ते प्रशिक्षणातून आणि बऱ्याच फसलेल्या तासांतून आलेले होते. मुलं या विषयात नेमकी कुठे घसरतात हे त्यांना आधीच ठाऊक होतं. आणि मुलंच का? १९९७ च्या 'माइंड्स ऑफ अवर ओन' या अमेरिकन माहितीपटात एमआयटीतून नुकत्याच पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना सेल, बल्ब आणि वायर दिलीये. एकेकाची उडालेली तारांबळ बघण्यासारखी आहे. येत्या सोमवारी आपल्या टीममध्ये करून बघा. :)

हे बघायचं सोडून आपण काय उचलतो? सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या झेडपी शाळांचं उदाहरण घ्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष वर्गात आणला, काम गाजलं आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग जाऊन बघणं, यापेक्षा चांगलं प्रशिक्षण नाही. पण मग बऱ्याच गावांत काय पोचलं? रंगवलेली फरशी. ऑइलपेंटने काढलेले आकडे, गोल, सापशिडी. फरशी दिसते, फोटोत येते, पेंटर एका दिवसात करून देतो. मुलाच्या उत्तरावर बाई कुठला पुढचा प्रश्न विचारतात ते फोटोत येत नाही. मी अशा एका शाळेत त्या रंगीत फरशीवर मुलांना ओळीत बसवून पाढे म्हणताना पाहिलंय.

हसू नका. आपणही भिंतीवर रंगीत चिकट कागद लावून, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभं राहून स्वतःला अजाईल म्हणवून घेतलेलंच आहे की.

यंत्र शिक्षकाच्या डोक्यावरून थेट मुलाच्या हातात द्यायचा प्रयोगही करून झालाय. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराट या गावातल्या छोट्या शाळेत झाला. पेरू देशाने तर साडेआठ लाखांच्या घरात लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही.

याच्या उलट मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर हे सुरू करणारे. १९८२ पासून एकलव्य. साधं स्वस्त किट, पण त्यासोबत उन्हाळ्यातली लांबलचक शिक्षक प्रशिक्षणं, दर महिन्याला शिक्षकांच्या बैठका, वर्गात येऊन मदत करणारी माणसं आणि परीक्षेतसुद्धा प्रयोग. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा! अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी याच वातावरणात जन्मली. सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला तेव्हा तो तीस वर्षं चाललेला होता. आपल्यातलं कुठलं सॉफ्टवेअर तीस वर्षं चाललंय?

आता कोणीतरी दिल्लीच्या 'माइंडस्पार्क'चा अभ्यास पुढे करेल. करावाच, चांगला आहे. मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. साडेचार महिन्यांत मुलांची गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाली. पण तो नीट वाचा. तिथे रोज ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं छोट्या गटाला शिकवणारा माणूस होता. दोन्ही मिळून परिणाम मोजलाय, वेगवेगळा नाही. शिवाय ते सॉफ्टवेअर प्रत्येक मूल कुठे अडलंय ते आधी शोधतं आणि तिथून सुरुवात करतं, म्हणजे बाईंनी वह्यांमधून फिरून जे केलं तेच. पिवळे ठिपके फिरवणाऱ्या पॅनलला त्या अभ्यासाचा दाखला चालत नाही.

आणि 'शिक्षकच बदलायला तयार नसतात' हे पालुपद तर कृपा करून नको. त्यांचा वेळ कोणी मोजलाय का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं त्यांना लावायला मुभा दिली आहे. वर ॲपमध्ये माहिती भरायची, फोटो अपलोड करायचे. वर 'तंत्रस्नेही' व्हा म्हणून हुकूम. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन माणूस परत वर्गात जातो तेव्हा पहिला प्रयोग फसतोच. दुसऱ्या दिवशी विचारायला कोणी नसतं. आपल्याकडे नवीन जॉइन झालेल्या पोराला सहा महिने मेंटर देतात!

म्हणून आमच्या कंपनीच्या सीएसआर समितीत मी प्रस्ताव ठेवला की यंदा एकही यंत्र घेऊ नका. त्याच पैशातून तालुक्यातल्या शिक्षकांच्या महिन्यातून एकदा बैठका घ्या, त्यांना एकमेकांचे वर्ग बघायला जाण्याचा खर्च द्या, मागे राहिलेल्या वर्गावर त्या दिवसापुरता माणूस द्या आणि दोन वर्षं हलू नका. उत्तर आलं, कल्पना चांगली आहे, पण तिमाही अहवालात 'वाटप केलेल्या उपकरणांची संख्या' हा रकाना सक्तीचा आहे, तो रिकामा ठेवला तर फॉर्म सेव्ह होत नाही.

तो फॉर्म आमच्याच मजल्यावरच्या टीमने लिहिलेला आहे. बदलायला अर्धा तास पुरेल. तिकीट टाकलंय, अजून कोणी उचललेलं नाही.